तुम्ही विचारलंत म्हणून: त्या तळघरात मी का किंचाळले

"खरं सांग, एडिनबरामध्ये तुला नक्की काय दिसलं?"

चार वर्षं झाली हा प्रश्न ऐकतेय. दादाने माझ्या किंचाळण्याचं ते चौदा सेकंदांचं रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते कुठे कुठे गेलं मला माहीत नाही, पण आता ज्यांची माझी धड ओळख नाही तेही विचारतात. विचारणारे दोन जातीचे. एक, ज्यांना आनंद झालाय: बघ, शेवटी असतंच ना काहीतरी, इतकी वर्षं भुतं नसतात म्हणून आम्हाला अक्कल शिकवत होतीस. दुसरे माझ्याच बाजूचे, त्यांना वाईट वाटलंय: तू पण? दोघांनाही मी आजवर "अगं अंधार होता, दचकले" असं सांगून वाटेला लावलं. ते खोटं नाही. पुरेसंही नाही.

आधी हे सांगते की त्या स्कॉटलंडच्या ट्रिपचा आग्रह माझाच होता. दादा-वहिनीला किल्ला बघून परत यायचं होतं. मला सर्जन्स हॉल बघायचा होता, म्हणजे तिथल्या सर्जन मंडळींचं जुनं म्युझियम, बरण्यांमधले अवयव, हाडं, शस्त्रक्रियेची हत्यारं वगैरे, आणि माझा नऊ वर्षांचा भाचा माझ्याबरोबर यायला एका पायावर तयार होता. वहिनी म्हणाली, "ताई, त्याला रात्री झोप नाही यायची." मी म्हटलं, अगं भुताच्या गोष्टींनी झोप उडते, खऱ्या गोष्टींनी नाही. हे वाक्य मी अगदी ठसक्यात म्हटलं होतं. तेव्हा खरंच तसं वाटायचं मला. अजूनही अर्धं वाटतं.

तर सकाळी सर्जन्स हॉल. तिथे काचेमागे एक छोटं पाकीटवजा पुस्तक आहे, तपकिरी, हातात मावेल एवढं. दुसऱ्या कुठे ठेवलं असतं तर आजोबांची जुनी डायरी वाटली असती. ते विल्यम बर्कच्या कातडीचं आहे. बर्क आणि हेअर तुम्हाला माहीत असतील, नसतील तर थोडक्यात: हेअरच्या लॉजमध्ये १८२७ साली एक म्हातारा भाडेकरू आजारपणाने वारला, चार पौंड भाडं थकलेलं, ते वसूल करायला या दोघांनी त्याचं प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स या शरीरशास्त्राच्या शिक्षकाला साडेसात पौंडांना विकलं. विच्छेदनाला प्रेतं मिळत नव्हती, कायद्याने मुख्यतः फाशी गेलेल्या खुन्यांचीच मिळायची. मग या दोघांच्या लक्षात आलं की कोणी मरायची वाट कशाला बघा. वर्षभरात सोळा खून. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, नॉक्सवर खटलाच झाला नाही, बर्कला २८ जानेवारी १८२९ ला फाशी देऊन त्याचंच जाहीर विच्छेदन केलं. सांगाडा अजून तिथल्या युनिव्हर्सिटीत आहे.

हे सगळं मी भाच्याला त्या काचेपुढे उभं राहून सांगितलं. त्यांनी मारलेल्या जेमी विल्सनचंसुद्धा. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, थोडा मंद, पायाने अधू, गावभर ओळखीचा. म्हणतात की नॉक्सच्या विद्यार्थ्यांनी टेबलावर त्याला ओळखलं आणि नॉक्स म्हणाला, हा तो नव्हेच. रंगवून सांगितलं हो मी. मला छान सांगता येतं, आणि तो असा डोळे मोठे करून ऐकत होता की कुणालाही चेव चढला असता. ऐकून झाल्यावर काचेला नाक लावून त्याने विचारलं, "आत्या, या वहीत आत काय लिहिलंय?"

मी म्हटलं, माहीत नाही रे. पुढे गेलो.

त्याचे हात तेव्हापासून खिशात होते, हे मला आता आठवतं. तेव्हा दिसलं असेल, पण नोंद घेतली नाही.

दुपारी साउथ ब्रिजखालची तळघरं. हा पूल १७८८ चा, एकोणीस कमानी, त्यातली एकच आज उघड्यावर दिसते, बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी गिळल्या. कमानींच्या पोटात खोल्या काढल्या, आधी चांभार, दारूवाले, बाकी कारागीर, पण वरून पाणी झिरपायचं तेव्हा धंदेवाले उठून गेले आणि ज्यांना कुठेच जागा नाही असे लोक राहायला आले. आता भुतांच्या टूर चालतात. आम्ही मुलांना चालते ती दुपारची घेतली. गाईड पोरगा चांगला होता, काळा झगा, आवाज मस्त, पण त्याने बर्क आणि हेअर प्रेतं इथेच लपवायचे असं ठोकून दिलं आणि मला राहवेना. मी हात वर करून म्हटलं, याला पुरावा नाही, त्यांचं लॉज वेस्ट पोर्टला होतं. लोक हसले. तो पण हसला, म्हणाला, मॅडम, तुम्हीच घ्या टूर.

मग मी खरंच घेतली की. पुढच्या खोलीत जाईपर्यंत दादाला आणि शेजारच्या दोन अनोळखी बायकांना ऐकवत होते, की रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञाने याच तळघरांत २०० हून जास्त लोकांना बसवून प्रयोग केला, आणि ज्या खोल्या बदनाम त्यांच्यातच लोकांना जास्त अनुभव आले, कुठली बदनाम हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनासुद्धा, म्हणजे कारण भूत नव्हे, अंधार आणि खोलीचा आकार-उंची असल्या गोष्टी. शिवाय विक टँडी या इंजिनिअरचं, ज्याला लॅबमध्ये राखाडी आकृती दिसली आणि शेवटी तो पंखा निघाला, एकोणीस हर्ट्झची कानाला न कळणारी थरथर. ही माझी फेव्हरिट गोष्ट. भाचा तेव्हा भिंतीला हात घासत चालला होता. भिंत ओली. मी म्हटलंही, "अरे हात काढ, घाण आहे."

शेवटच्या खोलीत गाईडने टॉर्च बंद केला. एक मिनिट, म्हणाला, कोणी बोलायचं नाही.

मी मोजत होते. साधारण तिशीपर्यंत आले असेन. आणि माझ्या डाव्या हातात एक हात आला. लहान, गार, ओला, वर चुन्याची खरखर. बोटांनी माझी दोन बोटं घट्ट धरली.

मी किंचाळले. तेच तुम्ही ऐकलंत. जे ऐकलं नाहीत ते हे, की मी तो हात नुसता झटकला नाही, दुसऱ्या हाताने समोर जे होतं ते पूर्ण जोर लावून ढकललं. ते हलकं होतं.

टॉर्च लागला तेव्हा भाचा खाली पडलेला, हनुवटीतून रक्त. गाईड धावत आला. रात्री डॉक्टरांनी टाके न घालता मेडिकल गोंदाने जखम चिकटवली, त्याची खूण आहे अजून, खालून बघितलं तर दिसते. वहिनी हॉटेलवर होती. तिने विचारलं, कसा पडलास? तो म्हणाला, "फरशी ओली होती, पाय घसरला." माझ्याकडे न बघता. आणि मी, जी पुरावा नाही म्हणून परक्या गाईडला टोकते, ती गप्प बसले.

आता तुम्ही म्हणाल, अंधारात कोणीही ढकललं असतं. मी स्वतःला हजार वेळा म्हटलंय. रिफ्लेक्स आहे, मेंदूला कळायच्या आत हात चालतो, यात गुन्हा कसला. हे मी फार पटेल असं मांडू शकते, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही. कारण ते रेकॉर्डिंग. तुम्ही सगळे माझ्या किंचाळण्याला हसलात, हेडफोन लावून कोणी ऐकलं नाही. सातव्या सेकंदाला किंचाळी आहे. पाचव्याला, अगदी हळू, कुजबुजल्यासारखं, "आत्या."

दोन सेकंद आधी.

मला ऐकू आलं नव्हतं. असं मी म्हणते. पण हात आला तेव्हा एका कोपऱ्यात मला माहीत होतं का, की इथे एवढा लहान हात एकाचाच आहे? की माहीत होतं आणि तरीही तो क्षणभर मला जेमीचा वाटला, सकाळी मीच रंगवलेल्या त्या पोराचा? मग मी घाबरले कशाला, भुताला की खऱ्या गोष्टीला? कधी वाटतं हा प्रश्न म्हणजे माझीच हुशारी आहे, मूळ गोष्ट टाळायची. पोरगं भ्यालं होतं, धरायला आलं होतं, बास.

म्युझियमं मी अजून बघते. जे म्हणतात "आता तरी सोड असले शौक", त्यांना नाही, सोडणार नाही, आणि तळघरात भूत नव्हतं हेही तितकंच ठाम. ज्यांना आनंद झाला होता त्यांनी तो आवरावा. फक्त आता बरोबर मूल असेल तर मी गोष्ट सांगत नाही. तो तेरा वर्षांचा आहे, मागच्या महिन्यात त्यानेच विचारलं, आत्या परत जायचं का. मी म्हटलं, बघू. तो विषय आम्ही दोघांनी कधी काढलेला नाही.

वहिनी हे वाचेल. वहिनी, पाय घसरला नव्हता. त्याला काही बोलू नकोस, फोन मला कर.