समई उपडी करून दाखवताना : आमची वाटचाल

आमच्या दुकानात समई घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही ती आधी उपडी करून दाखवतो. समईची बैठक आतून पोकळ असते आणि पितळेचा माल किलोवर विकला जातो, त्यामुळे त्या पोकळीत राळ, लाख किंवा सिमेंट भरून वर तळपत्रा बसवण्याची आणि अशा रीतीने वजन वाढवण्याची खोड या धंद्यात जुनी आहे. माझ्या आजोबांनी १९५८ साली जुन्या नाशकातल्या तांबट आळीत भाड्याच्या ओसरीवर काम सुरू केले, तेव्हापासून आमच्या समईला तळपत्रा नाही. आजोबांचे म्हणणे असे की, ही वस्तू कोणाच्या तरी देवघरात जाणार आणि तिच्यापुढे रोज कोणीतरी हात जोडणार. आपली लबाडी त्याच्या नमस्काराखाली दडवून ठेवायला आपले मन धजत नाही.

या सचोटीमुळे आमची भरभराट झाली, असे लिहायला मला आवडले असते. पण ते खरे नाही. बैठकीत भर घातलेली समई विकणाऱ्याला किलोचा दर कमी सांगता येतो, कारण उरलेले पैसे तो वजनात काढतो. गिऱ्हाईक चार दुकाने फिरून दरच विचारते, बैठकीत काय भरले आहे ते कोणी पाहत नाही. त्यामुळे आमची कित्येक गिऱ्हाइके उठून गेली आणि आजही जातात. श्रद्धेने पैसा मिळतो का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, कारण आमची चूलच मुळी लोकांच्या देवघरावर चालते. माझा अनुभव इतकाच आहे की, श्रद्धेमुळे धंदा वाढतोच असे नाही, मात्र कोणता पैसा आपला आणि कोणता आपला नव्हे, हे ती सांगू शकते. तेही आपण ऐकायला तयार असलो तर. मी ते प्रत्येक वेळी ऐकलेले नाही.

वडिलांच्या, म्हणजे नानांच्या हाती पेढी आली तेव्हा बिलाच्या तळाशी 'धर्मादा' म्हणून एक रक्कम लावण्याची पद्धत बाजारात रूढ होती. व्यापारी ती गिऱ्हाइकाकडून घेई, वेगळ्या खात्यावर जमा करी आणि पांजरपोळ, धर्मशाळा किंवा अन्नछत्राला देई. अशी रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, ती दानासाठीच त्याच्याकडे आलेली असते, असे सर्वोच्च न्यायालयानेही मानलेले आहे. तेव्हा पद्धतीत गैर काही नव्हते. नानांचा आक्षेप निराळा होता. दान गिऱ्हाइकाच्या खिशातून जाते आणि धर्मशाळेच्या फरशीवर नाव मात्र दुकानदाराचे लागते, हे त्यांना रुचत नसे. त्यांनी बिलावरचा धर्मादा बंद केला, खाते मात्र चालू ठेवले आणि त्यात नफ्यातून, कामगारांची मजुरी व कर चुकते झाल्यावर उरलेल्या पैशांतून, शेकडा दोन रुपये टाकायला सुरुवात केली. लक्ष्मीपूजनाला आम्ही आता संगणकाशेजारी एक कोरी चोपडी ठेवतो, तिच्यावर कुंकवाने 'श्री' काढतो, आणि वर्षभर त्या चोपडीत धर्मादा खात्याखेरीज दुसरे काहीही लिहिले जात नाही.

नानांनी १९९६ साली सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेऊन ओतकाम आणि बफिंग तिकडे नेले. मी बी.कॉम. होऊन २००४ मध्ये पेढीत आले आणि माझा धाकटा भाऊ दोन वर्षांनी आला. तेव्हापासून आम्ही दोघे निम्मे-निम्मे भागीदार आहोत.

सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला महापूर आला. नाशिककर पुराचे माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात : गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. त्या वेळी पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरले. धातूच्या मालाचे एक बरे असते की, तो चिखलाने काळा पडला तरी चिंच लावून पुन्हा उजळतो. आमचे नुकसान झाले ते कागदांचे आणि खोक्यांचे. घाटाजवळच्या एका लहान दुकानदाराची गोष्ट वेगळी होती. त्याच्याकडे पूजेचे कापड, उदबत्त्या, पोथ्या आणि आमची भांडी होती. भांडी वाहून गेली आणि बाकीचे सडले. आमची त्याच्याकडे १,४०,००० रुपयांची उधारी होती. त्याने मुदत मागितली, आणि मी जागच्या जागी सगळी उधारी सोडून दिल्याचे त्याला सांगितले. घरी येताना मला आपण फार मोठे पुण्य केल्यासारखे वाटत होते.

भावाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, त्यातले सत्तर हजार माझे होते."

मला राग आला. त्याला देवाधर्माचे काही वाटत नाही, असे मी नानांपाशी बोलून गेले. नानांनी तुकोबांची सगळ्यांना ठाऊक असलेली हकीकत काढली. तुकोबांचे घराणे सावकारीचे. दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडच्या येण्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ती सांगताना लोक एक गोष्ट गाळतात, असे नाना म्हणाले. तुकोबांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या, धाकट्या भावाची, कान्होबांची वाटणी त्यांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याचीच तेवढी नदीत सोडली. "विरक्ती त्यांची होती," नाना म्हणाले, "ती त्यांनी भावाच्या पैशांतून केली नाही." मी माझे सत्तर हजार सोडले. भावाने आपले सत्तर हजार तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने वसूल केले, व्याज मात्र लावले नाही. तो दुकानदार आजही आमचा माल घेतो आणि हिशोबाला त्याच्याइतका चोख माणूस आमच्याकडे दुसरा नाही.

त्याच पुरानंतर शेजारच्या एका बोहरा व्यापाऱ्याने आम्हाला दोन लाख रुपये बिनव्याजी दिले. कर्ज-ए-हसना, म्हणजे व्याज न घेता दिलेले कर्ज, ही त्यांच्याकडे धर्माने सांगितलेली गोष्ट आहे. त्यांनी चेक पुढे केला तो परतफेडीच्या तारखा लिहिलेल्या कागदासह, आणि त्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. इतका विश्वास आहे तर साक्षीदार कशाला, असे मी विचारले. व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार असावेत, हेही कुराणातच सांगितले आहे, असे ते म्हणाले. आमचे पॉलिशवाले चाचा रमजानात जकातीचा हिशोब करतात, तोही मला असाच नेटका वाटतो : वर्षभर हाताशी राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के, विक्रीसाठीचा माल त्यात धरायचा आणि कामाचे यंत्र धरायचे नाही. आमच्या सीएला मी हे सांगितले तेव्हा, हा तर ताळेबंदच आहे, असे ते म्हणाले.

आता जे लिहायचे आहे, ते लिहिण्याबद्दल भावाचे आणि माझे एकमत नव्हते. २००९ मध्ये परगावच्या एका ठोक व्यापाऱ्याने आमच्याकडे पूजेत ठेवायच्या तांब्याच्या यंत्रांची मागणी नोंदवली. पातळ पत्र्यावर डायने उठवलेल्या रेघा आणि बीजाक्षरे, एवढेच ते काम. यंत्राची पूजा जुनी आहे, ती करणाऱ्यांविषयी मला आदर आहे आणि आपण घडवून देणारे, असे आम्ही स्वतःला समजावले. व्यापारी त्यासोबत एक पत्रक देत असे, त्यात चाळीस दिवसांत कर्जमुक्ती आणि धनवृद्धीची हमी होती. ते पत्रक आम्ही वाचले होते. समईत सुटत नाही तेवढा नफा त्यात सुटत होता आणि दोन वर्षांत आमच्या उलाढालीचा जवळजवळ चौथा हिस्सा यंत्रांचा झाला.

२०११ च्या पावसाळ्यात एक रिक्षावाला लाल कापडात गुंडाळलेले यंत्र घेऊन दुकानात आला. मागच्या बाजूला आमचा बारीक ठसा होता, त्यावरून विचारत विचारत तो आला होता. पतसंस्थेतून उचल घेऊन त्याने ते २,१०० रुपयांना विकत घेतले होते. त्याने तक्रार केली नाही, पैसे परत मागितले नाहीत. काउंटरवर कापड उलगडून त्याने फक्त विचारले, "ताई, माझी दिशा चुकली असेल का?" मी ते काट्यावर ठेवले. नव्वद ग्रॅम भरले, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण पंचेचाळीस रुपयांचे तांबे. समई उपडी करून दाखवणाऱ्या माणसांच्या हातून हे झाले होते. मी त्याला खरे काय ते सांगितले आणि २,१०० रुपये दिले. ते तो घेईना. शेवटी चाचांनी ते त्याच्या खिशात घातले.

पुढची मागणी आम्ही घेतली नाही. भावाचे म्हणणे होते की आपण नाही तर दुसरा कोणी करील, आणि तसेच झाले. त्या वर्षी दोन कामगारांना पुरेसे काम देता आले नाही, याची टोचणी मला आजही आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, चमत्काराचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतात, असा निकाल दिला. भावाने तो वर्तमानपत्रातून कापून माझ्या टेबलावर ठेवला. बोलला काही नाही.

इतके होऊनही २०१५ च्या सिंहस्थात मी पुन्हा घसरले. गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळा भरतो आणि यात्रेकरू गोदावरीचे पाणी तांब्याच्या गडूत भरून, तोंड डाखून घेऊन घरी नेतात. मी बँकेकडून अठरा लाख रुपये उचलून बारा हजार गडू घडवले. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला रस्त्यांवर कठडे होते, भाविकांना ठरलेल्या मार्गाने घाटावर आणि तिथून थेट बाहेर नेले जात होते, आणि आमच्या आळीत सकाळभर पोलिसांखेरीज कोणी दिसले नाही. साडेचार हजार गडू खपले, उरलेले संपायला चार वर्षे लागली. गर्दीच्या सुरक्षेसाठी तसे मार्ग आखणे भागच असते. एवढ्या लाखो माणसांचा हिशोब मी आमच्या दुकानाच्या उंबऱ्यावरून केला, ही चूक माझी. त्याहून लाजिरवाणे म्हणजे, सगळे गडू खपले तर वणीला सप्तशृंगीला चांदीचे छत्र वाहीन, असा नवस मी बोलले होते. नानांना ते कळल्यावर त्यांनी विचारले, "छत्र कोणाच्या पैशांचे गं? बँकेच्या?"

करोनाकाळाबद्दल थोडेच लिहिते. मंदिरे मार्च २०२० पासून बंद होती, १६ नोव्हेंबर २०२० ला पाडव्याच्या दिवशी उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेपासून सुरू झाली. घाऊक मागणी थांबली. घरची देवघरे मात्र बंद नव्हती, आणि लहान निरांजने व ताम्हने कुरिअरने पाठवून आम्ही अकरा कामगारांचे निम्मे पगार चालू ठेवले. उरलेले निम्मे पगार २०२२ मध्ये पूर्ण फेडले, तोवर आम्ही दोघांनी घरखर्चाखेरीज काही उचलले नाही. धर्मादा खात्यात त्या दोन वर्षी शून्य लिहिले आहे. नाना तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांना चोपडी दाखवली तेव्हा त्यांनी आधी पगाराचे पान काढायला सांगितले.

आता पुढचा सिंहस्थ आला आहे, ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. या वेळी आम्ही तीन हजार गडू करतो आहोत, स्वतःच्या पैशांनी, आणि त्यातले निम्मे आळीत न ठेवता आधीच तीन गावच्या दुकानदारांना रोखीने दिले आहेत. वणीचे छत्र राहिले होते, ते गेल्या चैत्रात मी माझ्या वाट्यातून वाहिले. चोपडीत ते कुठल्या नावे लिहायचे, यावर भावाचा आणि माझा वाद झाला. धर्मादा खात्यात नको, तो तुझा खासगी खर्च आहे, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते मी मान्य केले.