तुम्ही विचारलंत म्हणून: पटतं सगळ्यांना, मग लाईटबिल तेवढंच का?

घरगुती विजेवर बोलायला गेलं की, मग ते बडोद्याच्या दांडिया बाजारातलं एखादं मंडळ असो की मांजलपूरमधल्या सोसायटीचं पार्किंग, शेवटी एक प्रश्न ठरलेला: "हवामान बदलतंय हे आता सगळ्यांना पटलंय. पण लोक वागतात मात्र पूर्वीसारखेच. हे ढोंग नाही का हो?" 'लोक' म्हणताना विचारणाऱ्याची नजर बहुतेक वेळा शेजारच्या खुर्चीकडे वळलेली असते.

ढोंग फार थोडं असतं. माणसाचं मत तयार होतं निवांतपणी, चहा घेताना, पेपर चाळताना. खरेदी होते ती काहीतरी बंद पडल्यावर, घाम पुसत, दुसऱ्याच्या सल्ल्याने. या दोन वेळांची गाठच पडत नाही.

आधी मताकडे बघू. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि सीव्होटर ही पाहणी करणारी संस्था यांनी २०२१-२२ मध्ये भारतभर विचारणा केली. जागतिक तापमानवाढीबद्दल फारसं माहीत नाही किंवा कधी ऐकलंच नाही, असं ५४ टक्के लोक म्हणाले. मग त्यांना दोन वाक्यांत विषय समजावून सांगितला आणि पुन्हा विचारलं. तेव्हा हे घडतंय असं ८४ टक्क्यांना वाटलं. यातलं कितीतरी मत पाच मिनिटांपूर्वी जन्मलेलं होतं. ते खोटं नव्हतं, पण त्याच्या भरवशावर कोणी फ्रिज बदलेल अशी अपेक्षा धरणं चूक. दुसरी पाहणी १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांची, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली. हवामानासाठी दर महिन्याला उत्पन्नातला एक टक्का द्यायला ६९ टक्के लोक तयार होते. "तुमच्या देशातले इतर किती जण देतील?" असं विचारल्यावर त्यांचा अंदाज मात्र सरासरी ४३ टक्क्यांचा. म्हणजे आपण उदार आणि शेजारी चिक्कू, असा समज जगभर आहे. हा आकडा लक्षात ठेवा, गच्चीवरच्या सोलरकडे आलो की लागेल.

आता खरेदीची वेळ कशी येते ते बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली आणि अर्ध्या शहरात तळमजल्यांवरचे फ्रिज, वॉशिंग मशीन पाण्यात गेले. 'हवामान बिघडलंय' हे त्या आठवड्यात जितकं तीव्रतेने बोललं गेलं तितकं क्वचितच बोललं गेलं असेल. (नदीपात्रातली अतिक्रमणंही त्या पुराला कारण होती, पण तो वेगळा विषय.) आणि अशा आठवड्यात फ्रिज घेणारा माणूस लेबल वाचत बसत नाही, दुकानात जो आहे आणि आज घरी पोचतो, तो घेतो. पुढची दहा-बारा वर्षं तोच फ्रिज चोवीस तास चालणार असतो.

पुराचं सोडा, रोजच्यातला पंखा घ्या. साधा जुना पंखा फुल्लवर ७० ते ८० वॉट घेतो. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा नवा पंखा, जवळपास तेवढीच हवा २८ ते ३५ वॉटमध्ये देतो. फरक ४५ वॉटचा धरा. बडोद्यात हॉलमधला पंखा दिवसाला १५ तास आणि वर्षातले ३०० दिवस फिरतोच. झाले साडेचार हजार तास, म्हणजे दोनशे युनिट. इंधन अधिभार आणि वीजशुल्क धरून युनिटला सात रुपये पकडले, तर वर्षाला १,४०० रुपये. दोन पंख्यांच्या किमतीतला फरक हजार-दीड हजाराचा, वर्षभरात वसूल. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडणारी. तेव्हा एका पंख्यामागे वर्षाला १४० किलो, साधारण ६० लिटर पेट्रोल जाळल्याइतका.

एवढा सरळ हिशेब असून पंखे बदलले का जात नाहीत? कारण पंखा मरतच नाही. तो मंद होतो, इलेक्ट्रिशियन येतो, वरची वाटी खाली करून अडीच एमएफडीचा कंडेन्सर बदलतो, पंखा पुन्हा पळायला लागतो. दहा मिनिटांचं काम, शंभराच्या आतला पार्ट. मोटर जळते ती मे महिन्यात, रात्री नऊला. तेव्हा इलेक्ट्रिशियनच्या ओळखीच्या दुकानात जो पंखा असतो तो डोक्यावर लागतो. आणि त्याने बीएलडीसी नको म्हणण्यामागे आळस नसतो. साध्या मोटरचं वाइंडिंग गल्लीत होतं. बीएलडीसीतलं सर्किट बोर्ड व्होल्टेजच्या झटक्याने गेलं की कंपनीचा माणूस येईपर्यंत पंखा बंद. रिमोट हरवतो, हे आणखी एक. म्हणून बीएलडीसी घेताना बोर्डावर किती वर्षांची वॉरंटी आहे ते बिलावर लिहून घ्या, आणि १,२०० मिलिमीटर पात्याच्या पंख्याची हवा मिनिटाला २१० घनमीटरच्या खाली नाही ना, ते खोक्यावर बघा. पंख्यांना स्टार लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, तेव्हा आकडा छापलेला असतो. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मधून काढायला सांगा. बीएलडीसी पंखा रेग्युलेटरवर चालवला की गुरगुरतो, कमी-जास्त होतो, कधी बोर्डच उडतं, आणि मग 'हे नवीन पंखे टिकत नाहीत' ही बातमी सोसायटीभर होते.

याच्या उलट एलईडी बल्ब बघा. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली. सरकारी घाऊक खरेदीत २०१४ ला तीनशेच्या घरात असलेला बल्ब २०१६ पर्यंत चाळीसच्या खाली आला. कोणाचं मन वळवावं लागलं नाही. बल्ब उडतोच, वारंवार उडतो, म्हणजे बदलायची वेळ दर काही महिन्यांनी येते, आणि काही वर्षांत किराणा दुकानात जुना पिवळा बल्ब मिळेनासा झाला. मताचा प्रश्नच आला नाही.

एसीबाबत लोकांचा अपराधीपणा जास्त आणि माहिती कमी. दीड टनाच्या लेबलवर छापलेला वार्षिक वापर १,६०० तासांचा असतो. २०२२ च्या स्टार-निकषांत तीन स्टारला तो साधारण हजार युनिट होता, पाच स्टारला पावणेआठशे ते आठशे. फरक दोनशे-सव्वादोनशेचा. पण ज्या बेडरूममध्ये एसी फक्त एप्रिल-मे-जूनमध्ये रात्रीचे चार तास लागतो, तिथे तास भरतात साडेतीनशे, आणि वाचतात पन्नासच्या आत युनिट. त्यासाठी आठ-दहा हजार जास्त मोजायला दुकानदार नको म्हणाला, तर तो बरोबर सांगतोय. ते पैसे चार पंख्यांत घाला. दिवसभर माणसं असलेल्या खोलीत, क्लासमध्ये, दवाखान्यात मात्र पाच स्टारच. आणि स्टार मोजू नका, त्याखालचा आयएसईईआर, म्हणजे विजेच्या मानाने एसी किती गारवा देतो, हा आकडा वाचा: स्टारची पट्टी दर काही वर्षांनी कडक होते. जुलै २०२२ मध्ये ती बदलली तेव्हा कालचे पाच स्टार चारवर आले.

घेतल्यावरचं जास्त महत्त्वाचं. १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी मुळात २४ अंशांवर लावलेला येतो. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. तरी घरोघरी चित्र तेच: एसी अठरावर आणि अंगावर गोधडी. अठरावर खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे. रिमोटवरचा आकडा हा कुठे थांबायचं याचा आकडा आहे. २६ वर ठेवून पंखा दोनवर लावा. महिन्यातून दोनदा जाळी काढून नळाखाली धुवा. धूळ बसलेल्या जाळीमागे कॉम्प्रेसर उगाच पळत राहतो, आणि माणूस आकडा आणखी खाली नेतो.

हे सगळं कळायला बिल उपयोगी पडायला हवं, पण आपल्याकडे घरगुती बिल दोन महिन्यांचं. मे महिन्यात केलेली चूक जून-जुलैत समोर येते, तीही पाहुणे, लग्न, परीक्षा यांच्यात मिसळून. त्यापेक्षा दर रविवारी सकाळी मीटरवरचा केडब्ल्यूएच (म्हणजे युनिटचा) आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चार आठवड्यांत घराचा नेहमीचा आठवडा किती युनिटचा हे समजतं. मग एका आठवड्यात एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. स्मार्ट मीटर हेच काम करू शकला असता. पण मे २०२४ मध्ये शहरात तो 'प्रीपेड' या नावाने आला, लोकांना त्यात फक्त आगाऊ पैसे दिसले, आणि विरोध रस्त्यावर आला. भरवसा नसेल तिथे माहितीही सापळा वाटते.

कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावी झालेले दोन प्रयोग इथे सांगण्यासारखे आहेत. २००७ च्या प्रयोगात घरांच्या दारावर कागद लावले: तुमची वीज इतकी, आसपासच्यांची सरासरी इतकी. जास्त वापरणारे खाली आले. कमी वापरणारे मात्र वर गेले, 'आपण उगाच काटकसर करतोय' म्हणून. त्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढला, तेव्हा ते वर जायचे थांबले. दुसरा २००८ चा. वीज का वाचवता, असं विचारल्यावर लोकांनी पर्यावरण वरच्या क्रमांकावर सांगितलं आणि शेजारी तळाला. प्रत्यक्षात मीटर हलला तो 'शेजारी वाचवतात' या संदेशाने. म्हणजे आपण का वागतो हे आपल्यालाच नीट सांगता येत नाही, तिथे पाहणीतल्या उत्तरांवर किती भार टाकायचा?

कापडी पिशव्यांवर थोडक्यात, कारण विषय निघतोच. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या हिशेबानुसार सुती पिशवी एकदा वापरायच्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते. हा हिशेब फक्त तापमानवाढीचा, गटारात अडकणाऱ्या प्लास्टिकचा नाही. लग्नामुंजीत मिळालेल्या वीस पिशव्या दाराआड एका मोठ्या पिशवीत पडून असतील, तर एकविसावी घेऊ नका, एवढंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथून जवळच, केवडियाला, मिशन लाइफ ही पर्यावरणपूरक सवयींची सरकारी मोहीम सुरू झाली. त्यातल्या ७५ सवयींची यादी वाईट नाही, पण यादीत सगळंच सारख्या वजनाचं दिसतं. पिशवी आणि पंखा एका रांगेत बसत नाहीत.

आता गच्ची. सोलर हवा असं म्हणणारे बडोद्यात शोधावे लागत नाहीत, आणि गुजरात यात देशात पुढेच आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते, दिवसाला चार युनिट मिळतात. तीन किलोवॉटला पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान: पहिल्या दोन किलोवॉटना तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा. वर्षाला चार हजारांवर युनिट, म्हणजे जवळजवळ तीन टन कार्बन डायऑक्साइड. पंखे, एसी, पिशव्या सगळं एकत्र केलं तरी इतकं होत नाही.

फ्लॅटमध्ये गच्ची सगळ्यांची, म्हणून ठराव लागतो, आणि ठरावात शेजाऱ्यांबद्दलचा तो ४३ टक्क्यांचा अंदाज आडवा येतो: 'बाकीचे पैसे देणार नाहीत.' यावर उपाय म्हणजे सभेत हात वर करायला न लावता आधी घरोघरी जाऊन होकार लिहून घेणं आणि सभेत फक्त बेरीज वाचणं. सुरुवात लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरपासून करा. त्यासाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये वेगळं अनुदान आहे. दुसरी अडचण उत्तरायणाची. पतंगाला गच्ची मोकळी हवी, आणि या गावात तो मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. पॅनल सात-आठ फूट उंच मांडवावर घेता येतात. लोखंडाचा खर्च वाढतो, आणि वाऱ्याचा जोर धरून पाय नीट बसवले नाहीत तर स्लॅब गळतो. टाकीची, डिशची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी ओळीतले इतर पॅनलही मंदावतात, म्हणून जागा डिसेंबरात दुपारी तीन-चारला बघावी, मे महिन्यात नव्हे. पॅनल सकाळी लवकर धुवावेत, तापल्यावर पाणी मारू नये. आणि बिल शून्यावर आलं म्हणून दुसरा एसी घेतलात, तर वाचलेल्यातलं बरंचसं तिथेच जाईल.

जुन्या वाड्यांत आणि पोळांत, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवस्त्यांत, मात्र सगळं अडतं ते एका कागदाशी. लाईटबिल अजून आजोबांच्या नावावर असतं. अनुदान बिलावरच्या नावाच्या बँक खात्यात जमा होतं, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. म्हणून विक्रेत्याला फोन लावण्याआधी नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची म्हणजे वेराबिलाची ताजी पावती, वारसांचं संमतिपत्र आणि जुनं बिल एवढं साधारण लागतं. वेराबिलही आजोबांच्याच नावावर असेल, तर आधी महानगरपालिकेत ते बदला. संमतिपत्रावर पुण्या-मुंबईच्या काकांची सही लागते, ते गणपतीला येतात तेव्हाच ती घेऊन ठेवा. आणि नवीन नावाचं पहिलं बिल हातात पडेपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.