म्युनिकला शिकते, राहते लांड्सहूटला

आमच्या घरी अप-डाउन हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाबांनी तेवीस वर्षं बडोदा-भरूच अप-डाउन केलं, सकाळी दांडिया बाजारातून सायकलने स्टेशन, सायकल स्टँडवर लावायची, पास खिशात, आणि संध्याकाळी परत आले की आईचा पहिला प्रश्न "गाडी वेळेवर होती?" आता तोच प्रश्न रोज रात्री बाबा मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. कारण मी म्युनिकला मास्टर्स करतेय आणि राहते लांड्सहूटला, म्हणजे रेल्वेने ७० किलोमीटरच्या वर, जवळजवळ बडोदा-भरूचएवढंच.

यंदा बडोद्याहून येणारी बरीच मुलं-मुली विचारतायत की एवढ्या लांब का राहतेस, म्हणून सगळा हिशोबच सांगते.

आमच्या एलएमयूत, म्हणजे म्युनिकच्या युनिव्हर्सिटीत, ट्यूशन फी नाही, त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक काका-काकूंना वाटतं की जर्मनीत शिक्षण फुकट. फी नाही हे खरं, पण राहायचं कुठे? व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमधे वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि ते एकदम हातात येत नाहीत, महिन्याला ९९२ असे सुटतात. मी शोधत होते तेव्हा युनिव्हर्सिटीच्या आसपास शेअरिंग फ्लॅटमधली एक खोली कुणी ७८० सांगत होतं, कुणी ८५०, होस्टेलची वेटिंग लिस्ट तर सेमिस्टरं मोजून. ७८० धरा, हेल्थ इन्शुरन्सचे साधारण १४५ धरा, मग जेवणखाण, फोन, सगळ्याला मिळून सत्तरएक युरो उरतात. पार्ट टाइम काम मिळेल या भरवशावर भाड्याचा करार सही करायचा मला धीरच झाला नाही.

लांड्सहूटची खोली ४३० ला मिळाली, वॉर्म. इथे भाडं दोन प्रकारचं असतं, कोल्ड म्हणजे नुसतं खोलीचं आणि वॉर्म म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून, जाहिरातीत मोठ्या अक्षरात बऱ्याचदा कोल्ड असतं, तर नेहमी वॉर्मच विचारायचं आणि लाईट-इंटरनेट त्यात आहे का तेही. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं कोल्ड भाडं, आणि ते तीन हप्त्यांत देता येतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

लांब राहणं परवडतं ते मुळात तिकिटामुळे. डॉइचलांडटिकेट, म्हणजे महिन्याचा पास, २०२३ मधे ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३. देशभरातल्या लोकल, रिजनल गाड्या, बस, मेट्रो सगळं त्यात, फक्त आयसीई-आयसीसारख्या फास्ट गाड्यांत चालत नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, शिकणाऱ्यांना ते सवलतीतही मिळतं, पण पूर्ण किंमत धरली तरी भाडं आणि तिकीट मिळून ४९३.

आता वेळेचं. दारापासून क्लासपर्यंत दीड तास, जायचा आणि यायचा. दहा मिनिटं सायकल, पाऊण तास गाडी, मग मारिएनप्लाट्झला यू-बान (मेट्रो) बदलून युनिव्हर्सिटी. पहिल्या आठवड्यात रोज मागच्या डब्यात बसायचे आणि म्युनिकला उतरून अख्खा प्लॅटफॉर्म चालत पुढे यायचे, कनेक्शन जायचं. बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अगं, उतरायच्या स्टेशनचा जिना कुठे येतो ते बघ आणि त्याच डब्यात चढ." भरूचचं ज्ञान! आता मी आमच्या प्लॅटफॉर्मवर पिवळ्या कचऱ्याच्या डब्याशेजारच्या खांबापाशी उभी राहते, दार बरोबर समोर येतं. बाबांच्या डब्यात पत्ते चालायचे, कुणी भाजी निवडायचं, कुणाच्या घरची भाकरवडी फिरायची. इथे पूर्ण डबा गप्प. मी सीटवर लॅपटॉप उघडते आणि खरं सांगते, माझं अर्धं वाचन त्या पाऊण तासातच होतं.

पण एक किंमत कुठल्याच हिशोबात दिसत नाही. क्लासमधली मुलं सातला कुणाच्या तरी खोलीवर जेवायला जमतात, तिथेच ग्रुप प्रोजेक्ट ठरतं, तिथेच कामाच्या जागा कळतात, आणि मला साडेनऊला घड्याळ बघावं लागतं. जानेवारीत एकदा रात्रीची गाडी कॅन्सल झाली, पुढची तासाभराने, बाहेर उणे सहा, वेटिंग रूमला कुलूप. मी फोनवर बाबांशी बोलत फेऱ्या मारत राहिले, तिकडे पहाटेचे पावणेचार, आणि ते गाडी येईपर्यंत झोपले नाहीत. त्या रात्री मला जवळची खोली घ्यावीशी वाटली होती. तेव्हापासून क्लासमधल्या एका मैत्रिणीकडे माझी एक चादर आणि टूथब्रश कायम असतो, गाडी चुकली तर तिथे.

म्हणून माझं मत असं, आठवड्यात तीनच दिवस क्लास असतील तर लांबची खोली जरूर घ्या, पाचही दिवस लॅब असेल तर नका घेऊ, दमून जाल. आणि कितीही स्वस्त असली तरी जिथे आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होत नाही ती खोली घेऊ नका. राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता रजिस्टर करावा लागतो, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो नसला तर पुढचं सगळंच अडतं. खोली न बघता डिपॉझिट मागणाऱ्याला, चावी कुरियरने पाठवतो म्हणणाऱ्याला एक पैसा पाठवू नका, प्लीज. पहिले आठ-दहा दिवस कुठेतरी तात्पुरते राहा आणि खोली पसंत पडली तर हो म्हणायच्या आधी तिथून सकाळच्या गर्दीत युनिव्हर्सिटीला एकदा जाऊन या. रविवारी नाही, मंगळवारी-बुधवारी.

माझ्या शेजारची खोली सप्टेंबरअखेर रिकामी होतेय. घरमालकीण आजी कडक आहेत, कचरा चार डब्यांत वेगळा करायला लावतात, पण आन्मेल्डुंगचा कागद पहिल्याच दिवशी देतात. कुणाला बघायची असेल तर कळवा, सकाळी ६:५० ला स्टेशनवर भेटू, खांब मी दाखवेन.