काशीची पत्रे आणि एक न केलेली सही

रविवार, रात्र

आज दिवसभर डोक्यात साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज. ५ सप्टेंबर १८३९ ला कंपनी सरकारने त्यांना गादीवरून काढलं, धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांना बसवलं आणि महाराजांची रवानगी काशीला केली. १४ ऑक्टोबर १८४७ ला ते तिथेच वारले. मधली आठ वर्षं नुसती कागदाची लढाई: काशीत महाराज, लंडनमध्ये त्यांचे वकील रंगो बापूजी. या काळातलं मोडी पत्र हाती आलं की माणूस थेट मजकुरात शिरतो आणि फसतो. मजकूर शेवटी वाचावा.

आधी तारीख. 'छ' म्हणजे चंद्र. त्यापुढचा आकडा मुसलमानी महिन्यातल्या तारखेचा. सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरातली मृगापासून सुरू होणारी वर्षगणना, अरबी शब्दांत असतो आणि आकडे एककाकडून वर चढतात. 'आर्बैन मयातैन व अलफ' म्हणजे चाळीस, दोनशे आणि हजार: १२४०. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे सप्टेंबर १८३९ बरोबर १२४० मध्ये बसतो. सोबत शके १७६१ असेल तर संवत्सर विकारीच हवं. शक, संवत्सर आणि सुहूर सन यांतलं एक जरी जुळलं नाही, तर नक्कल करणारा चुकला किंवा कागद मागाहून रचला, असं धरून पुढे जावं. काशीच्या पत्रात आणखी एक खोच: उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला श्रावण वद्य तो तिकडचा भाद्रपद वदी. वद्य तिथी दिसली की दोन्ही पंचांगांशी ताडून पाहायची, नाहीतर महिनाभराचा घोळ.

मग मायना. 'आज्ञा केली ऐसीजे' असेल तर राजा आपल्या माणसाला सांगतोय. 'विनंती ऐसीजे' असेल तर बरोबरीच्याला किंवा वरच्याला. पदच्युत राजाच्या बाबतीत हे फार बोलकं. पदव्या तशाच ठेवल्यात की गाळल्यात, हेही बघायचं. इंग्रजी तर्जुम्यात, म्हणजे भाषांतरात, मायना बहुधा उडतो, म्हणून केवळ तर्जुम्यावरून राजाचा सूर ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

लिपीचं तर विचारूच नका. कारकून आधी ओळभर रेघ ओढतो आणि बोरूने अक्षरं तिला टांगत जातो. शब्दांत जागा सोडत नाही. वेलांटी एकच, उकार एकच. त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' दिसायला सारखेच. दाद मागणाऱ्या राजाच्या पत्रात हा फरक केवढा! मागचीपुढची अक्षरं जुळवूनच ठरवावं लागतं. आणि अक्षर सुंदर आहे म्हणून ते महाराजांचं ठरत नाही. लिहिणारा बहुधा कारकूनच.

शिक्का वर, मोर्तब शेवटी. मोर्तब म्हणजे समाप्तीचा शिक्का: तो उठला की मजकूर बंद. त्याखाली ओळ आली की ती घुसडलेली समजावी. भिंग घेऊन शाई पाहावी. मजकुराची शाई शिक्क्याच्या ठशावरून गेली असेल, तर कोऱ्या कागदावर आधी शिक्का उठवून नंतर लिहिलं असण्याची शंका येते. मग मागची बाजू: 'बार सूद' असा शेरा आहे का? असला तर पत्राची दप्तरात नोंद झाली. लांब पत्र चिकटवलेल्या बंदांचं (कागदाच्या पट्ट्यांचं) असेल तर सांधेही तपासायचे, कारण मधला बंद बदलता येतो.

ही काटेकोर नजर साताऱ्याच्या प्रकरणात तर हवीच, कारण महाराजांवरचे आरोप बरेचसे पत्रव्यवहाराचेच: गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या परागंदा अप्पासाहेब भोसल्यांशी संधान (हे अप्पासाहेब वेगळे, नावांचा गोंधळ इथे हटकून होतो). शिवाय कंपनीच्या शिपायांना फितवल्याचा आरोप. उघड चौकशी झालीच नाही. महाराजांचा हट्ट तेवढाच होता: चौकशी करा. म्हणून त्यांच्या बाजूच्या कागदांत 'गादी द्या' याच्याइतकाच 'इन्साफ करा' हा धागा शोधायचा.

आणि सगळ्यांत वजनदार कागद तो, ज्यावर सही नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आले. १८१९ चा तह मोडल्याचं मान्य करून सही द्या, गादी राहील, असा प्रस्ताव. महाराजांनी सही केली नाही.

एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याच्या गादीवरचे अप्पासाहेबही वारले, त्यांचं दत्तक नामंजूर झालं आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. रंगो बापूजी १८५३ मध्ये लंडनहून परतायला निघाले, तेव्हा मागायला गादीच उरली नव्हती.