बेस गिटारचा हरवलेला खर्ज

दोन्ही पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबक-वेटोळ्याचे भाग) पूर्ण उघडले की बेस गिटारचा आवाज भरून यायला हवा. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आलेल्या त्या गिटारमध्ये नेमके उलटे होत होते. दिवसा उद्यमनगरात लेथ चालवणारा आणि रात्री ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक तरुण ती वापरलेली गिटार घेऊन आला होता. "काका, एकेक पिकअप ठेवला तर बरा वाजतोय, दोन्ही फुल्ल केले की खालचा सूरच जातोय बघा," असे त्याने सांगितले. पिकअप जळाले आहेत असे कोणीतरी त्याच्या मनात भरवले होते, आणि मोटारींची वेटोळी भरणाऱ्या कारागिराकडून ते पुन्हा भरून घ्यावेत का, असा त्याचा प्रश्न होता. मी त्याला थांबवले, कारण या वेटोळ्यांची तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची असते आणि मोटारीच्या तारेला सरावलेल्या हातात ती तुटण्याचीच शक्यता अधिक.

गिटार फेंडरने १९६० मध्ये आणलेल्या जॅझ बेसच्या धर्तीवर बनवलेली, म्हणजे दोन स्वतंत्र सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची होती. मल्टिमीटरवर दोन्ही वेटोळी शाबूत दिसली. मला खरा धागा मिळाला तो घरघरीतून. एकच पिकअप चालू असताना विजेची ५० हर्ट्झची घरघर स्पष्ट ऐकू येई, दोन्ही उघडले की ती थांबे, आणि तिच्याबरोबर खर्जही जाई. सर्वांत जाड तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. इतक्या खालच्या सुराला दोन्ही पिकअपवर तारेची हालचाल जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे दोघांचे संकेत उलट दिशेचे असतील तर तो सूर एकमेकांत विरतो आणि वरचे स्वरांश तेवढे उरतात.

जुन्या काट्याच्या मीटरला एकेक पिकअप जोडून त्याच्या खांबांना, म्हणजे तारांखालच्या धातूच्या खुंट्यांना, लोखंडी पेचकस टेकवला आणि झटकन उचलला. एका पिकअपला काटा उजवीकडे उडाला, तर दुसऱ्याला डावीकडे. मग होकायंत्र जवळ नेले, तेव्हा दोन्ही पिकअपच्या वरच्या बाजूला एकच ध्रुव निघाला. म्हणजे वेटोळी परस्परविरुद्ध होती, म्हणून घरघर विरत होती; पण चुंबक एकाच दिशेने बसले होते, म्हणून सूरही विरत होता. आधीच्या मालकाने एक पिकअप बदलताना जोडीचा विचार केलेला नसावा.

अशा वेळी एका पिकअपच्या दोन तारा अदलाबदल करून मोकळे होणे सोपे असते. खर्ज लगेच परत येतो. परंतु मग घरघरही परत येते, आणि मंडपातल्या डिमरच्या दिव्यांजवळ वाजवणाऱ्याला ती नको असते, म्हणून मला तो उपाय अपुरा वाटला. सुदैवाने ब्रिजजवळच्या (तारा टेकतात त्या घोडीजवळच्या) पिकअपचे खांब साध्या पोलादाचे होते आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली होती. हेअर ड्रायरने सरस मऊ करून, वेटोळ्याच्या बारीक टोकांना धक्का न लावता, ती पट्टी मी अलगद सोडवली आणि पालथी करून पुन्हा बसवली. हे चालू असताना तो मुलगा श्वास रोखून पाहत होता. लोखंडाशी रोजची ओळख असल्यामुळे ध्रुवांची गोष्ट त्याला मला फार समजावावी लागली नाही.

पुन्हा तारा चढवून दोन्ही पिकअप उघडले, तेव्हा टेबलावरच्या डब्यातले स्क्रू थरथरू लागले, आणि घरघर कुठेच नव्हती. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले त्यासाठीच मी हा व्यवसाय करतो.

उरलेले काम सुराच्या पोताचे होते. टोनच्या नॉबला कोणीतरी ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला होता, त्यामुळे नॉब खाली आणताच आवाज गढूळ होई. त्या जागी ०.०४७ चा बसवला आणि खरखरणारे पॉट (नॉबखालचे फिरते रोधक) काढून २५० किलोओहमचे नवे लावले. ढोलकीच्या थापेत बेस दबू नये म्हणून ब्रिजजवळचा पिकअप किंचित उचलला. पुढे कोणी यातला एखादा पिकअप बदलला, तर ध्रुवांची जोडी पुन्हा बिघडू नये, म्हणून आतल्या खाचेत कोणत्या पिकअपला वर कोणता ध्रुव आहे ते कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवले आणि मगच झाकणाचे स्क्रू आवळले.