कुणाचीच मावशी नाही

रविवार, नोव्हेंबरअखेर. रात्र.

आज आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भक्तीला माणसं कमी होती. दिवाळी झाली की आमच्या नवापूर तालुक्यातले पाडे रिकामे होत जातात. मुकादमाच्या गाड्या येतात आणि घरंच्या घरं ऊसतोडीला सुरत, बारडोलीकडे निघून जातात. मंडळीत मग पुढे म्हातारी माणसं आणि मागे शाळेची पोरं उरतात. नाताळला बरेचजण दोन-चार दिवसांसाठी येतील, तोवर असंच चालायचं. त्यात थंडी पडायला लागली आहे, आणि थंडीत आमचं दार रात्री-अपरात्री वाजतं.

ते बायकोसाठी वाजतं. ती नर्स आहे, माहेर मिझोरामातलं ऐझॉल. मिशनच्या दवाखान्यात नोकरीला म्हणून खानदेशात आली, माझे वडील तिथे अ‍ॅडमिट होते, तिथेच आमची ओळख झाली. मी इथलाच, मावची आदिवासी. शाळेत शिकवतो. आमचं लग्न दोन्हीकडच्या माणसांना जड गेलं. तिच्याकडे मुलीने बाहेरच्या माणसाशी संसार मांडणं सहज पटत नाही. संख्येने लहान समाजाला आपली माणसं, आपली भाषा टिकवायची धास्ती असते. मी स्वतः आदिवासी, मला ती धास्ती कळते, म्हणून सासऱ्यांचा राग मला कधी आला नाही. आजही सासुरवाडीला जायचं तर मला इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या माणसाने मिझोरामात शिरण्याचा परवाना, काढावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे ऐझॉलजवळच्या सायरांगपर्यंत पोचली. त्याआधी आसामात उतरून डोंगरातून गाडीने जावं लागायचं.

एक गोष्ट मात्र दोन्ही घरांना जवळ आणणारी निघाली. मिझो लग्नातही मध्यस्थ बसतात आणि मुलाकडचे मुलीकडच्यांना रक्कम देतात. तिथे ती आता काहीशे रुपयांची, मानापुरती उरली आहे. आमच्यात देज द्यायची रीत आहेच. हे आजोबांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग माणसं आपल्यासारखीच आहेत की." त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

आमच्या भागातल्या मंडळ्या जुन्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले, त्यांच्या कामातून इथे विश्वासणारे उभे राहिले. तिच्या डोंगरांत लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी १८९४ मध्ये पोचले होते. म्हणजे तिच्या आणि माझ्या पणजोबांनी थोड्याफार वर्षांच्या अंतराने तीच सुवार्ता ऐकली. लग्नानंतर मला वाटलं होतं, एवढं सारखं आहे तर ती मंडळीत लगेच रुळेल.

तसं झालं नाही. पहिली काही वर्षं मंडळीने तिला फार मान दिला, आणि तो मानच मला खुपायचा. सगळ्या बायका सतरंजीवर, हिला मात्र खुर्ची. मंडळीचं जेवण असलं की बायका चुलीपाशी, हिला वाढून आणलेलं ताट. कुणी वाकडं बोललं नाही, पण कुणी कामही सांगितलं नाही. ती घरी येऊन गप्प बसायची. एकदा म्हणाली, "मला पाहुणी म्हणून ठेवलंय." मी काय बोलणार? मला स्वतःला मंडळीत कधी कुणी पाहुणा केलं नव्हतं.

गाण्यातही तेच. मिझोरामच्या मंडळ्यांत भजनांची पुस्तकं सोल्फात, म्हणजे अक्षरांच्या स्वरलिपीत, छापलेली असतात, माणसं लहानपणापासून चार आवाजांत गायला शिकतात. आमच्याकडे पेटी, ढोलक, आणि सगळ्यांचा एकच सूर. ती सवयीने खालचा आवाज धरायची आणि पुढच्या बायका मागे वळून बघायच्या, त्यांना वाटायचं हिचा सूर चुकतोय. मग तिने गाणंच बंद केलं. मला ते फार लागलं होतं. आज संडे स्कूलच्या दोन मोठ्या मुली तिच्याबरोबर तो खालचा आवाज धरतात आणि पेटीवाले काका त्यांच्यासाठी लय थोडी सावकाश ठेवतात.

फरक कशाने पडला ते मला लिहून ठेवायचं आहे. सुरुवात एका डब्यापासून झाली. स्वयंपाकाला तांदूळ घेतला की ती आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. आईने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की मिझोरामात १९१० पासून मंडळीच्या बायका असंच करतात. रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूच्या नावाने वेगळा काढायचा, तो गोळा करून विकायचा आणि त्या पैशातून सुवार्तेचं काम चालवायचं. गरिबातल्या गरीब घरातूनही ती मूठ येते. आईला हे इतकं पटलं की तिनेच महिला मंडळात विषय काढला. आमच्याकडे कुणी तांदूळ काढतं, कुणी ज्वारी, कुणी तूर. बायकोने काही मागितलं नव्हतं, शिकवायलाही गेली नव्हती. पण धान्य मोजायला, पोती शिवायला माणूस लागतं, आणि त्या कामासाठी तिला पहिल्यांदा हाक मारून बोलावलं. त्या दिवशी ती सतरंजीवर बसली.

पण खरं काम पुढे आलं.

मंडळीतला एक मुलगा थंडी पडली की सांधे धरून ओरडायचा. हातपाय दाबायचे, पोट दाबायचे, घरच्यांनी नाना उपाय केले. प्रार्थनाही झाल्या. बायकोने त्याचे पिवळट डोळे बघितले आणि रक्त तपासायला लावलं. सिकलसेल निघाला. ऐझॉलला शिकताना हा आजार तिने पुस्तकात वाचला होता, माणसं बघितली ती आमच्या नंदुरबार जिल्ह्यात. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य कळा येतात. थंडीने, पाणी कमी पडल्याने, अंगमेहनतीने त्रास वाढतो. ऊसतोडीत यातलं काय चुकवता येतं? ते पोरगं आता हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांवर बरं आहे, शाळेत येतं, मागच्या बाकावर बसून उत्तरं देतं. धान्याच्या डब्यातले पैसे आता बरेचसे नंदुरबारला जाण्या-येण्याच्या भाड्यात जातात.

लोक विचारायचे, हे कुणाच्या पापाचं फळ? मंडळीत हा प्रश्न येणारच. पाळकसाहेबांनी बायबलातल्या जन्मांधाच्या गोष्टीवर संदेश दिला, त्यात प्रभूने स्वतःच हा हिशेब नाकारला आहे. त्यानंतर बायको उभी राहिली आणि तिच्या मराठीत तिने सांगितलं, की ज्याला आई किंवा बाप अशा एकाच बाजूने हा दोष मिळतो तो वाहक, तो सहसा ठणठणीत असतो, आणि मलेरियाच्या जंगलात तोच दोष माणसाला मलेरियाच्या घातक तापातून तारून नेत आला आहे. आपले पूर्वज जगले त्यामागे हेही एक कारण आहे. दोन्ही बाजूंनी मिळाला की मात्र आजार. वाहक नवरा आणि वाहक बायको असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मुलाला आजार होण्याची. माझ्या लोकांशी त्यांच्या रक्ताबद्दल त्यांना लाज वाटणार नाही असं कुणीतरी बोललं, ते मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

मग तपासणीला लोक यायला लागले, आणि इथे मला नीट समजलं की देवाने तिला इतक्या लांबून का आणलं असेल. आमच्यात प्रत्येकजण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. गावित, वळवी, वसावे, नाईक, कुठेही जा, नातं निघतंच. गावातल्या ओळखीच्या नर्सला मुलीच्या रक्ताचा निकाल कळला की तो संध्याकाळपर्यंत भाऊबंदांत पोचेल आणि मुलीचं लग्न अडेल, ही भीती प्रत्येक आईला असते. एका म्हाताऱ्या बाईने आपल्या नातीला आमच्या घरी आणलं तेव्हा मी विचारलं, सरकारी शिबिरात का नाही नेलं? त्या म्हणाल्या, "तिथे आमची भाची कामाला आहे. तुझी बायको कुणाचीच मावशी नाही."

ज्या परकेपणाने ती इतकी वर्षं झुरली, त्याच परकेपणावर विश्वास ठेवून आता माणसं तिच्यापाशी येतात. तो पुसला जावा म्हणून आम्ही दोघांनी किती प्रार्थना केल्या होत्या! उत्तर निराळं आलं.

आणि माझं काम? मी सगळ्यांचा मामा, काका, मास्तर. बाप माणसं तिच्याशी बोलायला बिचकतात, माझ्याशी मावचीत मोकळं बोलतात. मी पाड्यावर जायचं, बापाशेजारी बसायचं, पिकाचं बोलायचं, मग विषय काढायचा. आतल्या खोलीत ती आईशी आणि मुलीशी बोलते. एकट्या तिला दार उघडत नाही आणि एकट्या माझ्यापाशी कुणी गुपित ठेवत नाही. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत अक्विला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको येतात, तो पंत प्रांताचा, दोघं रोमहून निघालेले, करिंथात तंबू शिवून पोट भरणारे आणि घरात पौलाला ठेवून घेणारे. त्यांची नावं कायम जोडीनेच येतात. पूर्वी मी ते नुसतं वाचून पुढे जायचो. देवाचं पाचारण म्हणजे सेमिनरी, पाळकपण, असंच मी धरून चाललो होतो, आणि आपल्याला ते नाही म्हणून मनातून खट्टूही होतो.

आजची गोष्ट मात्र जड आहे. मंडळीतल्या एका मुला-मुलीचं लग्न ठरलंय, देज ठरलंय, आणि निकाल आला तो दोघंही वाहक असल्याचा. कोण ते इथे लिहिणार नाही. त्यांच्या दोघांच्या परवानगीने, नावं न सांगता पाळकसाहेबांनी भक्तीनंतर वडीलमंडळापुढे, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांपुढे, प्रश्न ठेवला. एका वडिलांचं म्हणणं, नियमच करा. तपासणीचा कागद नसेल तर भक्तीत लग्नाची पुकार, म्हणजे जाहीर घोषणा, नाही, दोघं वाहक असतील तर मंडळीत लग्न नाही. त्यांचा हेतू चांगला आहे. त्यांच्या स्वतःच्या घरातलं पोर या आजाराने गेलेलं आहे, ते बोलताना त्यांचा आवाज कापत होता.

बायकोला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. ती म्हणाली, "नियम केला तर उद्यापासून माझ्याकडे कुणी येणार नाही. पोरं पळून जाऊन लग्न करतील, आणि त्यांना बाळ झालं की आपल्यापासून लपवतील. आपल्याला ते बाळ लपलेलं नको. जन्मल्याबरोबर तपासायला हवं, लसी आणि औषधं वेळेवर सुरू व्हायला हवीत." तिची मराठी अजूनही अडखळते, पण खोलीत कुणी मान वर केली नाही. त्या वडिलांनीच शेवटी विचारलं, "मग सिस्टर, तुम्ही त्यांना काय सांगणार?"

ती म्हणाली, "सगळं सांगणार. ठरवायचं त्यांनी."

मलाही हेच बरोबर वाटतं. सगळं म्हणजे काय, तेही सोपं नाही. गर्भाची तपासणी दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास होऊ शकते, पण त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं, आणि निकाल वाईट आला तर पुढचा प्रश्न आमच्या विश्वासाला फार जड आहे. तो प्रश्न मंडळीने त्या दोघांवर टाकून हात झटकू नयेत, त्यांच्याबरोबर राहावं, मग निर्णय काहीही होवो. हे मी बैठकीत बोललो. वडीलमंडळाने नियम तूर्त बाजूला ठेवला आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं आहे, आणि एका-दोघांची मनं अजून वळलेली नाहीत.

संध्याकाळी मुलगी आली होती. तासभर आतल्या खोलीत होती. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, बायकोने सांगितलं नाही, आणि आमच्यात हे असंच ठरलेलं आहे. फक्त एवढं कळलं की मुलगी तयार आहे, चौघांनी बसून बोलायचं. आधी मुलाच्या बापाला समजवायचं, ते माझ्याकडे. तो मंगळवारी ऊसतोडीच्या गाडीत बसणार, म्हणून उद्या शाळेआधी पाड्यावर पोचायला हवं. मोटरसायकलमध्ये पेट्रोल कमी आहे, ते पहाटे नवापूरच्या पंपावर भरून घेईन.