प्रोसेसर निवडला तो मे महिन्यासाठी

इंटेलच्या जुन्या आय-फाईव्ह २५००केला अखेर निवृत्त केलं आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला. जुना २०११ चा प्रोसेसर, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेला आपोआप चढणारा वेग) ३.७. मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याचा गुणक) ४५ वर ठेवून तो माझ्याकडे ४.५ वर चालायचा, आणि एप्रिल संपत आला की मी त्याला ४.२ वर उतरवायचो. विंडोज ११ त्याला घेत नाही, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून बदल. नाहीतर गडी अजून दमलेला नव्हता.

आधी जागा सांगतो, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर बेतलेले आहेत. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुक्यातलं गाव, स्लॅबची वरची खोली. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं, आणि कूलर बंद असला की दुपारी खोलीत ४२. पौषातल्या पहाटे तीच खोली १५ वर येते. प्रोसेसरच्या बहुतेक चाचण्या मात्र एसीच्या खोलीत, बावीस-चोवीस अंशांत होतात. तिथं ‘मस्त ओव्हरक्लॉक होतो’, म्हणजे कंपनीनं दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालतो, असं लिहिलेला प्रोसेसर आपल्याकडे वैशाखात तसाच वागेल, हे गृहीत धरू नका राजेहो.

आता निवडीकडे. ‘चांगला ओव्हरक्लॉक होणारा’ याचा अर्थच गेल्या पंचवीस वर्षांत पालटला आहे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्या. बस (मूळ ठोका) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा ४५० व्हायचा, म्हणजे निम्मा वेग फुकट. २००७ च्या आसपास क्यू६६०० ची बस २६६ वरून ३३३ केली की २.४ चा सरळ ३.० होत असे. सँडी ब्रिजपासून इंटेलनं सगळी घड्याळं एकाच बेस क्लॉकला बांधली. तो जरा हलवला की बाकीचं सगळं डगमगतं, म्हणून नावात ‘के’ नसलेल्या, मल्टिप्लायर बंद असलेल्या चिपांत फारशी मजा उरली नाही. आणि आता तर कंपन्याच चिप पिळून काढून विकतात. आय-नाईन १४९००के खोक्यातूनच ६.० गिगाहर्ट्झचा टर्बो घेऊन येतो आणि त्यासाठी २५३ वॅटपर्यंत ओढतो. त्याच्यावर आपण काय डोंबल ओव्हरक्लॉक करणार? चिपा तपासून, निवडून विकणारी अमेरिकेतली सिलिकॉन लॉटरी ही कंपनी २०२१ मध्ये बंद झाली, त्यामागेही हेच होतं. चिपेत शिल्लकच उरेनाशी झाली.

म्हणून मी निवडीचा प्रश्न उलटा केला. जास्तीत जास्त किती गिगाहर्ट्झ, हे विचारायचं नाही. ७५-८० वॅटमध्ये, ४२ अंशांच्या खोलीत, कोण सगळ्यात जास्त वेग टिकवतो, एवढंच विचारायचं.

याचं गणित सोपं आहे. चिपेतली उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टवर ४.४ देणाऱ्या चिपेला ४.६ साठी १.३५ व्होल्ट लागले, तर वेग वाढला साडेचार टक्के आणि उष्णता बत्तीस टक्के. एसीवाल्याला हा सौदा परवडतो, आपल्याला नाही. दुसरं असं की प्रोसेसरवर बसवायचा टॉवर कूलर त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीपासूनचं अंतर ठरवतो. माझ्या चार हीटपाइपच्या, १२० मिलिमीटर पंख्याच्या टॉवरवर ७६ वॅटला प्रोसेसर खोलीच्या वर साधारण ४३ अंशांवर स्थिरावतो. खोली १५ असेल तर ५८, खोली ४२ असेल तर ८५. तोच प्रोसेसर १०५ वॅटवर चालवला तर अंतर साठाच्या घरात जातं. पौषात ७५, मे महिन्यात १०२. रायझन ५ ५६०० ची तापमानाची मर्यादा ९० आहे, म्हणजे तो स्वतःच वेग पाडणार आणि वाढवलेले वॅट पाण्यात.

यादीतून कोण कोण गळालं तेही सांगतो. इंटेलचे १३६००के आणि १४६००के ताकदीचे आहेत, पण टर्बोत १८१ वॅट घेतात आणि मल्टिप्लायर हलवायला झेड मालिकेचाच बोर्ड लागतो. सेकंडहँड स्वस्त मिळत होता, तरी सोडला. या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही चिपा जादा व्होल्टेजमुळे कायमच्या अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (चिपेचं वागणं दुरुस्त करणारा अपडेट) आला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झीज झालेली चिप मायक्रोकोडनं बरी होत नाही, आणि आधीच्या मालकानं तिला काय खाऊ घातलं हे कोण सांगणार? इंटेलचाच १२४००एफ गरीब आणि गुणी आहे, पण त्याचा मल्टिप्लायर बंद. एएमडीचा ५८००एक्स३डी खेळांसाठी उत्तम, मात्र छंदासाठी कुलूपबंद. रायझन ५ ७६०० मनात भरला होता. त्याला लागणारा एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम मिळून बजेटच्या पार गेलं, इतकंच.

राहिला रायझन ५ ५६००. एप्रिल २०२२ चा, सहा कोर, ३२ एमबी एल३ कॅश, ६५ वॅट टीडीपी (कंपनीनं लिहिलेला उष्णतेचा आकडा), प्रत्यक्षात सॉकेटवर ७६ वॅटची मर्यादा. चिपेच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डर आहे, पेस्ट नाही, म्हणून झाकण उघडायचा उद्योग वाचला. ५६००एक्स वेगळा घ्यायची गरज वाटली नाही. सिलिकॉन तेच आहे आणि बूस्टची (एएमडीच्या टर्बोची) मर्यादा दोनशे मेगाहर्ट्झनं वर सरकवली की ५६०० त्याची कसर भरून काढतो.

बोर्डाच्या बाबतीत मात्र अडून बसा. नागपूरला सीताबर्डीच्या दुकानात ‘भाऊ, ए५२० घ्या ना, स्वस्तात काम होते’ असं प्रेमानं सांगितलं गेलं. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी४५० किंवा बी५५० हवा, आणि व्हीआरएमवर (बोर्डावरच्या, प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) खरोखरीचा धातूचा हीटसिंक हवा. आपल्या खोलीत व्हीआरएमसुद्धा ४२ अंशांपासूनच सुरुवात करतो.

आता ओव्हरक्लॉक कुठवर आलाय ते. सगळ्या कोरांना एकच वेग, एकच व्होल्टेज ही जुनी पद्धत मी वापरलीच नाही. ती लावली की एकट्या कोरचा बूस्ट जातो आणि रिकाम्या वेळीही व्होल्टेज चढलेलं राहतं. त्याऐवजी एएमडीच्या दोन सोयी: बूस्टच्या मर्यादा सैल करणारा पीबीओ आणि कोरांचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोरला उणे तीसपर्यंत आकडा देता येतो. एक आकडा म्हणजे साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट. कोर तेवढ्याच वेगाला कमी व्होल्टेज घेतो, वॅट वाचतात, आणि वाचलेल्या वॅटमध्ये बूस्ट आपोआप वर चढतो. उन्हाळ्यात फायदा देणारा ओव्हरक्लॉक मला तरी हाच दिसतो.

एकाच वावरात, एकाच बियाण्याच्या दोन ओळींना बोंडं सारखी लागत नाहीत, तशी कोरांचीही गत असते. माझे चार कोर उणे २८ ला बिनबोभाट आहेत. कारखान्यानं ‘सर्वोत्तम’ ठरवलेले दोन मात्र उणे १५ च्या खाली जायला तयार नाहीत. यात नवल नाही. चांगल्या कोरांना कंपनीनंच कमी व्होल्टेज दिलेलं असतं, त्यांच्यात आणखी काढायला फार उरत नाही. सगळ्यांना एकदम उणे तीस देऊन सिनेबेंच ही चाचणी एकदा चालवली आणि झालं, असं समजू नका. सिनेबेंचमध्ये सगळे कोर भाराखाली थोडे खालच्या वेगावर असतात. घात होतो तो मशीन जवळजवळ रिकामं असताना, एकटा कोर टोकाच्या बूस्टवर उडी मारतो तेव्हा. म्हणून कोअरसायकलर हा प्रोग्रॅम लावा, तो एकेका कोरला पाळीपाळीनं घासतो. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या (WHEA) त्रुटी दिसतात का ते पाहत राहा. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’, म्हणजे खरा वेग, बघा. दाखवायला ४.६ आणि प्रत्यक्षात ४.४ असं दिसलं तर व्होल्टेज जास्तच ओरबाडलंय.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल जपून ठेवले आहेत. ‘पूस’ (पौष) मध्ये मर्यादा १०० वॅट, बूस्ट अधिक दोनशे, एकटा कोर ४.६ च्या वर. ‘मे’ मध्ये मर्यादा मूळची ७६ वॅट आणि कर्व्हचे आकडे तेच. सगळ्या कोरांच्या कामात दोघांतला फरक शंभरएक मेगाहर्ट्झचा, आणि खेळताना मला तो जाणवत नाही. दुपारी व्हिडिओ एन्कोड लावला तरी ‘मे’ वर तापमान ८५-८६ ला थांबतं. कूलर चालू असला की खोली बत्तीसवर येते आणि प्रोसेसर पंचाहत्तरवर. आपला वैशाख कोरडा, म्हणून पाण्याचा कूलर इतकं काम करतो. श्रावणात तो नुसता दमटपणा वाढवतो. कॅबिनेट मात्र त्याच्या थेट झोतात ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार उडाले की बोर्डावर क्षाराची पांढरी पुटं धरतात.

विजेचं वेगळंच. शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं. १०० ते २४० व्होल्टच्या चांगल्या एसएमपीएसला (संगणकाच्या पॉवर सप्लायला) त्याचं काही वाटत नाही. अडचण इन्व्हर्टरची असते. घरगुती इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असतं. त्या मोडमध्ये तो लाईनवरून बॅटरीवर झटकन बदलतो, पण १८० च्या आसपास व्होल्टेज गेलं की लाईन असूनही बॅटरीवर जातो. साध्या मोडमध्ये बदलायला इतका वेळ घेतो की मशीन रीस्टार्ट होतं. आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अॅक्टिव्ह पीएफसीचे (लाईनमधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस चालायलाच नकार देतात. मी साईन वेव्हचा घेतला, यूपीएस मोडवर ठेवला आणि त्याच्या आधी स्टॅबिलायझर बसवला. कर्व्ह ऑप्टिमायझरची चाचणी चालू असताना लाईट गेली तर तो क्रॅश चिपेच्या नावावर लिहू नका, ती चाचणी बाद धरा.

कापसाच्या हंगामात घरात पेवा (कापसाचे बारीक तंतू) हवेत तरंगतो आणि हीटसिंकच्या पात्यांत गादी करून बसतो. समोरच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा चुंबकपट्टीनं लावलाय. आई म्हणाली, ‘त्या डब्ब्याले काहून मच्छरदाणी रे?’ पण हवा थोडी कोंडून तापमान दोन अंशांनी चढतं आणि गादी बसत नाही, हा व्यवहार मला मान्य आहे.

पुढचं काम रॅमचं. सध्या डीडीआर४ ३६०० वर, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८००, म्हणजे रॅमच्या घड्याळाशी एकास एक. आता ३७३३ आणि १८६६ करून बघायचं आहे, तेही ‘मे’ प्रोफाइलवर आणि दुपारी दोन वाजता. पहाटे पास झालेल्या रॅमचा मला भरवसा नाही. कुणाकडे ५६०० वर एफसीएलके १९०० स्थिर असेल तर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) किती ठेवलं आणि खोलीचं तापमान किती होतं, दोन्ही कळवा.